नवीन लॅपटॉपवर विंडोज इन्स्टॉल होत नाही? आधी बघा, गाडी नेमकी कुठे अडली!

बजेट वाचवायचं म्हणून बरेच जण विंडोज नसलेला लॅपटॉप घेतात, किंवा पार्ट आणून पीसी असेंबल करून घेतात. मग मित्राकडून पेनड्राइव्ह आणायचा, विंडोज ११ टाकायला बसायचं, आणि अर्ध्यातच स्क्रीनवर एरर! मनात पहिला विचार येतो, "गेले पैसे, मशीनच खराब निघालं."

थांबा, घाबरू नका. अशा वेळी मशीन बहुधा चांगलंच असतं. अडचण पेनड्राइव्हमध्ये, एखाद्या सेटिंगमध्ये किंवा न मिळालेल्या ड्रायव्हरमध्ये असते. इन्स्टॉल कोणत्या टप्प्यावर अडलं हे नीट पाहिलं, की कारण निम्मं सापडतं. चला, एकेक टप्पा बघूया.

आधी ही तीन कामं करा

१. एरर आली की लगेच फोनने फोटो काढा. कोड आणि मेसेज पूर्ण दिसला पाहिजे. पुढे नेटवर शोधताना किंवा दुकानदाराला दाखवताना हाच फोटो कामी येतो.

२. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच सेटिंग एकदम बदलल्या तर कशामुळे काम झालं, आणि कशामुळे बिघडलं, काहीच कळत नाही.

३. मशीनला जुनी हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती काढून ठेवा. इन्स्टॉल करताना चुकून भलतंच पार्टिशन डिलीट झालं तर घरचे फोटो, प्रोजेक्ट सगळं जाईल. विंडोज परत टाकता येतं, फोटो परत येतीलच असं नाही.

टप्पा १: पेनड्राइव्हवरून सेटअप सुरूच होत नाही

मशीन चालू करताना बूट मेनूचं बटण दाबावं लागतं. एचपीमध्ये बहुधा एफ९, डेल आणि लेनोवोमध्ये एफ१२, आसुस लॅपटॉपमध्ये एस्केप. यादीत एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो. त्यातला ज्याच्या नावापुढे यूईएफआय लिहिलंय तोच निवडा.

पेनड्राइव्ह यादीतच नसेल तर तो नीट बनलेला नाही. नुसती आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली म्हणजे बूट होणारा पेनड्राइव्ह तयार होत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा मित्राच्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह वापरा. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

टप्पा २: "धिस पीसी कान्ट रन विंडोज ११"

नवीन मशीनवर हा मेसेज आला की राग येतोच. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, सिक्युअर बूट चालणारं यूईएफआय आणि टीपीएम २.० लागतं. टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय. नव्या प्रोसेसरमध्ये ती असते, पण असेंबल केलेल्या पीसीत कधीकधी बंद ठेवलेली असते.

बायॉसमध्ये जा. इंटेल असेल तर पीटीटी, एएमडी असेल तर एफटीपीएम नावाची सेटिंग शोधा आणि सुरू करा. सीएसएम किंवा लेगसी मोड चालू असेल तर तो बंद करा. सेव्ह करा आणि पुन्हा प्रयत्न करा. "मग विंडोज १० टाकतो" असा शॉर्टकट घेऊ नका. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

टप्पा ३: डिस्कच दिसत नाही

सगळ्यात जास्त घाबरवणारी अडचण हीच. "विंडोज कुठे टाकायचं" विचारणाऱ्या पानावर यादी रिकामी! आत्ताच घेतलेली ५१२ जीबीची एसएसडी गेली कुठे?

आधी बायॉसमध्ये एसएसडीचं नाव दिसतंय का बघा. दिसत असेल तर एसएसडी बहुधा ठीक आहे, फक्त सेटअपला ती ओळखता येत नाहीये. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते. एसएसडी तिच्या आड असते आणि विंडोजच्या सेटअपकडे तिचा ड्रायव्हर नसतो.

उपाय असा: लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमचं मॉडेल टाका, स्टोरेज विभागातला इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा आणि अनझिप करून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा. मग त्या पानावर "लोड ड्रायव्हर" दाबून ते फोल्डर दाखवा. इथे बरेच जण चुकतात. झिप किंवा ईएक्सई फाइल तशीच ठेवली तर सेटअपला त्यातला ड्रायव्हर सापडत नाही. फोल्डर उघडल्यावर आत आयएनएफ प्रकारची फाइल दिसली पाहिजे.

काही मशीनमध्ये बायॉसमधून व्हीएमडी बंदही करता येतं. पण ते विंडोज टाकण्याआधीच करा. नंतर ही सेटिंग बदलली तर टाकलेलं विंडोज सुरू न होण्याची शक्यता असते.

दिसत नसेल, तर असेंबल केलेल्या पीसीत एसएसडी नीट बसली आहे का बघा. लॅपटॉप असेल तर स्वतः उघडू नका, वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो. सरळ दुकानात न्या.

टप्पा ४: डिस्क दिसते, पण पुढे जात नाही

"सिलेक्टेड डिस्क हॅज एन एमबीआर पार्टिशन टेबल" असा मेसेज आला तर ती डिस्क आधी जुन्या पद्धतीने पार्टिशन केलेली आहे. यूईएफआय मोडमध्ये विंडोज टाकायला जीपीटी पद्धत लागते. त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन डिलीट केली आणि रिकामी जागा निवडून नेक्स्ट दाबलं, की सेटअप स्वतःच जीपीटी करून घेतो.

पण सावधान: यात डिस्कवरचं सगळं जातं. डिलीट दाबण्याआधी साइज बघून डिस्क ओळखा. ५१२ जीबीची एसएसडी तिथे साधारण ४७६ जीबी दिसते, १ टीबीची साधारण ९३१ जीबी. जरा जरी शंका असेल तरी हात आवरा आणि आधी बॅकअप घ्या.

टप्पा ५: फाइल कॉपी होताना एरर

"फाइल करप्ट आहे किंवा सापडत नाही" असा मेसेज आणि कोडच्या शेवटी ८००७०५७० असेल तर पहिला संशय पेनड्राइव्हवर घ्या. पाच-सहा जीबीचं डाउनलोड मोबाइल डेटावर मध्येच तुटलेलं असू शकतं, किंवा पेनड्राइव्हच जुना झालेला असतो. दुसरा पेनड्राइव्ह घेऊन तो नव्याने बनवा आणि दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावून बघा.

तरीही दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडत असेल, तर रॅम तपासायची वेळ आली. असेंबल केलेल्या पीसीत बायॉसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एका वेळी एकच लावून बघा. एका पट्टीवर काम होतं आणि दुसरीवर अडतं, असं दिसलं तर ती दुसरी पट्टी बदलून मागा.

टप्पा ६: रीस्टार्ट झालं की परत पहिलं पान

हा बिघाड नाहीच! फाइल कॉपी झाल्यावर मशीन रीस्टार्ट होतं, पण बूट क्रमात पेनड्राइव्ह पहिला असेल तर सेटअप पुन्हा "अ" पासून सुरू होतो. पहिला रीस्टार्ट सुरू झाला, स्क्रीन काळी झाली, की पेनड्राइव्ह काढा. पुढे मशीन आणखी एक-दोनदा रीस्टार्ट होईल, ते नॉर्मल आहे.

टप्पा ७: सगळं झालं, पण वायफाय नाही

विंडोज ११ शेवटी इंटरनेट मागतं, आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर यादीत एकही नेटवर्क दिसत नाही. इथे तुमचा फोनच कामाला येतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. फक्त चार्जिंगची केबल असेल तर चालणार नाही. लॅपटॉपला नेट मिळालं की सेटअप पूर्ण करा आणि विंडोज अपडेट चालवा. वायफायचा ड्रायव्हर बहुधा त्यातच येतो.

दुकानात कधी जायचं?

बायॉसमध्ये एसएसडी दिसत नाही, रॅमची एक पट्टी चालत नाही, किंवा दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवरून तोच त्रास होतो, अशा वेळी उशीर करू नका. बिल, एररचे फोटो आणि तुम्ही काय काय करून पाहिलं त्याची यादी घेऊन जा. रिप्लेसमेंटची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर बघा, कारण प्रयोग करता करता ती निघून गेली तर नुकसान तुमचंच.

आणि कोणी "मदरबोर्ड गेलाय, एवढे पैसे लागतील" असं म्हणालं, तर शांतपणे विचारा, "बायॉसमध्ये काय दिसतंय ते दाखवता का?" टप्पा माहीत असलेल्या माणसाला सहजासहजी कोणी फसवू शकत नाही.

ही माहिती उपयोगी वाटली तर नवीन लॅपटॉप घेणाऱ्या मित्र-मैत्रिणींना नक्की पाठवा.