कोकणातला पेसाह आणि ख्रिस्ताचे पुनरुत्थान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सावित्री नदीच्या मुखाशी, रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला जे बाणकोट बंदर आहे, तेथे पेशवाई बुडाल्यानंतर दक्षिण कोकणच्या इंग्रजी अंमलाची मुख्य कचेरी काही काळ होती. १८२२ साली ती रत्नागिरीस हलली आणि पुढच्याच वर्षी स्कॉटिश मिशनचे पाद्री बाणकोटास येऊन दाखल झाले. खाडीपलीकडे, हबसाणात आणि कुलाब्याच्या मुलखात, बेने इस्राएल या ज्यू समाजाची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या होती. घाण्यावर तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अशा रीतीने, ज्या दोन धर्मांच्या वासंतिक सणांविषयी आपल्याकडे सर्रास घोटाळा केला जातो, त्या दोहोंची गाठ ग्रंथांत नव्हे तर प्रत्यक्ष आपल्या किनाऱ्यावर पडली.

घोटाळ्यांपैकी पहिला असा की, पेसाह हा ‘ज्यूंचा ईस्टर’ असून त्यातही कोणा मृताच्या पुन्हा उठण्याचा उत्सव असतो. वस्तुतः पेसाह, ज्याला मराठी बायबलात वल्हांडण म्हटले आहे, हा मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोकांची सुटका झाली तिच्या स्मरणाचा सण आहे; निसान महिन्याच्या पंधराव्या तिथीपासून तो पाळावयाचा आणि त्या मुदतीत खमिराचा कणही घरात ठेवावयाचा नाही, अशी तोराची आज्ञा आहे. हिब्रू पोथ्या आणि हिब्रू भाषा यांच्याशी संबंध तुटलेल्या कोकणच्या बेने इस्राएलांनी हा सण कसा जतन केला, हे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहून ठेवले, व त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. जुनी मंडळी या सणास ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत; चटणीसारखा लावून खाण्याचा जो एक आंबट द्रवपदार्थ घरोघर असे, त्याचे भांडे या दिवसांत झाकून ठेवीत. माझा तर्क असा की, जेथे रोजची तांदळाची भाकरी मुळातच बेखमीर, तेथे निषेधाला धरावयास दुसरे काही उरलेच नाही, म्हणून तो त्या भांड्यावर येऊन बसला. कारण विसरले तरी आचार टिकला, आणि त्या आचारात पुनरुत्थानाची छायाही नाही.

येथून काही जण उलट टोकाला जातात आणि ज्यू लोक पुनरुत्थान मानीतच नाहीत, असे ठासून सांगतात. हाही भ्रमच. येशूच्या काळी सदूकी पंथ ही कल्पना नाकारी, परूशी पंथ ती मानी. आणि पुढचा ज्यू धर्म बहुतांशी परूश्यांच्या वाटेने गेला. नित्याच्या अमिदा प्रार्थनेतील दुसरे स्तवन मृतांस जिवंत करणाऱ्या ईश्वराचेच आहे, आणि पर्जन्याचा उल्लेख त्याच स्तवनात येतो, ही गोष्ट शेतकऱ्याच्या मनाला तत्काळ पटावी अशी आहे. पेसाहच्या पहिल्या दिवसापासून हा उल्लेख थांबतो, कारण पवित्र भूमीतला पावसाळा तेव्हा सरतो. बेने इस्राएलांच्या सेफार्दी वळणाच्या पाठात त्या जागी दवाचे नाव येते. म्हणजे मृगाकडे डोळे लावून बसलेल्या कोकणात, नेमक्या त्याच दिवसांत, पावसाचे नाव प्रार्थनेतून उतरते! शिवाय पेसाहच्या सप्ताहातील शब्बाथला, म्हणजे शनिवारी, यहेज्केल संदेष्ट्याचे, पुन्हा जिवंत होणाऱ्या शुष्क अस्थींच्या खोऱ्याचे दर्शन वाचले जाते. तेव्हा भेद आहे तो निराळ्या ठिकाणी : ज्यू श्रद्धेनुसार मृतांचे उठणे युगान्ती व्हावयाचे आहे, तर ख्रिस्ती श्रद्धेनुसार एक मनुष्य इतिहासाच्या मध्येच, पेसाहच्या दिवसांत, मृतांतून उठला आणि युगान्ताचा तो आरंभ ठरला.

हा आरंभ सांगताना पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हटले, ते अलंकार म्हणून सुचलेले नव्हे. पेसाहच्या सुमारास नव्या जवाची पेंढी यरुशलेमच्या मंदिरात परमेश्वरापुढे ओवाळीपर्यंत नवे पीक तोंडात घालण्यास मनाई असे. नवान्न पौर्णिमेला भाताच्या लोंब्या दारावर बांधणाऱ्या कोकणी माणसास हे वेगळे समजावून सांगावयास नको. पेंढी आली म्हणजे उरलेले पीक येणारच, हा पौलाचा मुद्दा आहे. तेथून पन्नासाव्या दिवशी शावुओत, आणि त्याच सणाच्या दिवशी यरुशलेमात पवित्र आत्मा उतरला म्हणून ख्रिस्ती लोकांचा पेंटेकॉस्ट. पेंढी ओवाळावयाची ‘शब्बाथच्या दुसऱ्या दिवशी’. पण शब्बाथ म्हणजे सणाचा पहिला दिवस की शनिवार, यावर ज्यू पंथांतच वाद होता. तो दिवस हटकून रविवारच, म्हणजे पुनरुत्थानाचाच वार, होता असे जे प्रवचनांतून सांगितले जाते, ते त्या वादातली एकच बाजू उचलणे होय.

दोन्ही सण एकाच दिवशी पडतात, हा समज कोणतेही पंचांग काढून पाहिल्यास टिकत नाही. प्रारंभीच्या काळी आशिया मायनरमधील काही ख्रिस्ती मंडळ्या निसानच्या चौदाव्या तिथीसच आपला सण करीत; परंतु ३२५ साली निकेआच्या परिषदेने तो सर्वांनी एकाच रविवारी, ज्यूंच्या गणितावर न विसंबता पाळावा, असे ठरविले. ज्यू पंचांग आपल्यासारखेच चांद्र असून अधिक महिन्याने, एकोणीस वर्षांत सात वेळा, ऋतूंशी जुळवून घेते, म्हणून पेसाह पुष्कळदा आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपास येतो. २०२४ साली ज्यूंचा अदार महिना दोनदा आला, तेव्हा पेसाहचा पहिला दिवस आणि हनुमान जयंती ही दोन्ही २३ एप्रिलला पडली, मात्र ईस्टर ३१ मार्चलाच होऊन गेला होता. २०२५ साली पेसाह १३ एप्रिलला लागला व ईस्टर आठवड्याने, २० तारखेस आला.

येशूचे अखेरचे भोजन म्हणजे आजचा सेदर, अर्थात पेसाहच्या रात्रीचे विधियुक्त भोजन, हे विधान त्याहून अधिक सावधपणे घेतले पाहिजे. पहिली तीन शुभवर्तमाने ते वल्हांडणाचे भोजन असल्याचे सांगतात. योहानाच्या वृत्तान्तात वधस्तंभाची घटना वल्हांडणाच्या पूर्वतयारीच्या दिवशीच घडते. आणि हग्गादा, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या कथेची पोथी, वाचीत, चार प्याल्यांच्या क्रमाने होणारा सेदर बव्हंशी ७० साली मंदिर उद्ध्वस्त झाल्यानंतर घडत गेला. सेदरच्या ताटातील तीन माझ्झांत, म्हणजे बेखमीर भाकऱ्यांत, त्रैक्य पाहणारे आणि मधल्या माझ्झाच्या तुकड्यात पुरलेला ख्रिस्त पाहणारे उपदेशक अलीकडे भेटतात. ज्यू परंपरा त्या तिहींना समाजाच्या तीन वर्गांवरून कोहेन, लेवी आणि इस्राएल असे म्हणते.

बाणकोट आणि हर्णैच्या पाद्र्यांचा हिशोब असा होता की, जुना करार शिकविला म्हणजे नवा आपोआप पटेल. त्याच मिशनच्या जॉन विल्सन यांनी तर १८३२ साली बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. परिणाम मात्र विपरीत झाला : धर्मांतर करणारे फारच थोडे निघाले, आणि मिशनच्या शाळांत हिब्रू शिकलेल्या पिढीने आपल्याच सणाचे विसरलेले कारण शोधून काढले. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा शिळाप्रेसवर निघाली, १८७४ साली पुण्यात दुसरी, सचित्र निघाली. आणि जिचे नुसते झाकलेले भांडे ठाऊक होते, ती मिसरातून सुटल्याची कथा बेने इस्राएल घरांतून मराठीत वाचली जाऊ लागली.