सोसल्याचा दाखला

शिरूर आणि दौंडच्या तहसील कचेऱ्यांत उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा असे कितीतरी दाखले मिळतात. दारूतून किंवा स्किझोफ्रेनियातून सावरलो आणि आता तसाच आजार भोगणाऱ्या दुसऱ्याला आधार देऊ शकतो, असा दाखला मात्र कुठेही मिळत नाही. असा माणूस आरोग्यसेवेत असावा, हा विचार इंग्रजीत ‘पीअर सपोर्ट’ म्हणून ओळखला जातो आणि परदेशातून आलेली नवी कल्पना म्हणून आपल्याकडे सांगितला जातो. भीमेच्या दोन्ही काठांवरचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ते खरे वाटत नाही. सोसलेल्या माणसाचा उपयोग या पट्ट्यात आणि पुणे जिल्ह्यात पुन्हा पुन्हा करून घेतला गेला. त्याला शिकवलेही गेले. राहिले ते त्याचे पद ठरवणे आणि त्या पदाला पगार लावणे. प्रमाणपत्राचा आजचा वाद खरे तर या राहून गेलेल्या कामाचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात दौंड तालुक्यातल्या केडगावपासून करावी लागते. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या आणि त्यांच्यासाठी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. 1900च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना सांभाळायला पगारी नोकर आणायचे कुठून? आधी आलेल्या नंतर आलेल्यांना सांभाळू लागल्या. रमाबाईंच्याच शारदासदनात शिकून तयार झालेल्या विधवा इथे शिक्षिका आणि देखरेख करणाऱ्या झाल्या. स्वतः रमाबाईही विधवाच होत्या. मुक्तिसदन ही मिशनरी संस्था होती, तिथल्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तिथल्या शिस्तीला आजच्या अर्थाने उपचार म्हणता येणार नाही. तरी उपासमार आणि हेटाळणी भोगलेल्या बाईशी कुणी बोलायचे, याचे केडगावने काढलेले उत्तर पुढच्या सगळ्या प्रयोगांत दिसते. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण तिथे कामाची पद्धत झाली.

दुसरा टप्पा शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच माणसांना आरोग्य मार्गदर्शक म्हणून तयार केले. हे मार्गदर्शक मनोविकारातून आलेले नव्हते, त्यामुळे त्यांना आजच्या अर्थाने ‘पीअर’ म्हणणे ओढूनताणून होईल. आजार एक असणे वेगळे आणि गाव एक असणे वेगळे. पण प्रशिक्षणाबद्दल वढू जे शिकवतो ते इथे नेमके लागू पडते. त्याच सुमारास, 1977 मध्ये, केंद्र सरकारने देशभर सामुदायिक आरोग्य मार्गदर्शकांची योजना आणली. मानधन ठरले महिना 50 रुपये. प्रशिक्षण झाले, औषधांची पेटी मिळाली, पण बहुतेक ठिकाणी त्या माणसाच्या मागे कुणीच उभे राहिले नाही आणि योजना हळूहळू विरत गेली. वढूच्या मार्गदर्शकामागे रुग्णालय होते. अडले तर विचारायला डॉक्टर होते, आणि मार्गदर्शकाने पाठवलेला रुग्ण तिथे तपासला जात होता. वढूचे काम टिकले. दोन्हींत खरे अंतर होते ते पाठीशी कोण आहे याचे. प्रशिक्षण किती तासांचे असावे यावर आज जेवढी डोकेफोड होते तेवढी प्रशिक्षणानंतरच्या देखरेखीवर होत नाही, ही मला उलटी गोष्ट वाटते.

खऱ्या अर्थाने समदुःखी माणूस उपचारात आला तो येरवड्यात. शिरूरहून पुण्याला येणारा नगर रस्ता येरवड्यावरूनच जातो आणि 2540 खाटांच्या तिथल्या मनोरुग्णालयाचे नाव घोडनदीपर्यंतच्या गावांत आजही दबक्या आवाजात घेतले जाते. ऐंशीच्या दशकात पुण्यात ब्राउन शुगरची साथ आली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे झाले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी त्या मनोरुग्णालयाच्याच आवारात डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. इथून बरे झालेले काही जण इथेच कार्यकर्ते आणि पुढे समुपदेशक झाले. अमेरिकेत 1935 मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसने एका दारुड्याला दुसऱ्यासमोर बसवले होते. पण तिथे पगार नाही, पद नाही, आणि तसे ते मुद्दामच ठेवलेले आहे. मुक्तांगणने त्याच माणसाला संस्थेच्या कर्मचाऱ्यांत घेतले. व्यसनी माणूस सबबी कशा रचतो हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही, त्यातल्या बहुतेक त्याने स्वतः वापरलेल्या असतात. शिकावे लागते ते दुसरेच: आपली गोष्ट कुठे थांबवायची, समोरच्याची घसरण स्वतःवर कशी ओढवून घ्यायची नाही, आणि डॉक्टरला कधी बोलवायचे. पुढे केंद्र सरकारने मुक्तांगणला पश्चिम विभागाचे प्रशिक्षण केंद्र केले. केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या कर्मचारी-रचनेत ‘पीअर एज्युकेटर’ हे पदही आले, आणि त्यासाठी व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच हवा असतो. आपल्या सरकारी कागदांवर सोसणे ही पात्रता म्हणून नोंदवली गेली, अशी ही विरळा जागा. तीही व्यसनापुरतीच.

मनोविकारांच्या बाबतीत शब्द आधी आले. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची पद्धत रुळली. शब्द जरा साजूक आहेत, पण ‘वेडा’ आणि ‘वेड्याचे घरचे’ यांच्या तुलनेत ते काय करतात हे सांगायला नको. 2013 ते 2015 या काळात पुण्याच्याच सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीने नाशिक जिल्ह्यातल्या 41 गावांत ‘आत्मीयता’ प्रकल्प राबवला आणि गावकऱ्यांनाच ऐकून घेण्याचे आणि आधार देण्याचे काम शिकवले. नंतर तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेला. मग 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. राज्य प्राधिकरणावर आणि पुनरावलोकन मंडळांवर रुग्ण किंवा त्यांची काळजी घेणारे यांना त्याने जागा दिल्या. म्हणजे शुभार्थी निर्णय देणाऱ्या मंडळावर बसू शकतो, पण वॉर्डात किंवा ओपीडीत नेमणुकीवर येण्यासाठी त्याला पद नाही.

पद निर्माण करायचे तर मोजमाप आलेच. इथे दोन देशांतले आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आपल्या 2021च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात ‘वर्तनविषयक आरोग्य’ हा गट आहे, पण संलग्न व्यावसायिक होण्यासाठी किमान 2000 तासांचा, दोन ते चार वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. पाटसच्या साखर कारखान्यात हंगामी काम करणाऱ्या, दारू सोडून पाच वर्षे झालेल्या माणसाला या दारातून आत येता येणार नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने 1999 मध्ये समदुःखी मदतनिसाच्या कामाचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून द्यायला सुरुवात केली. 2007 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने सर्व राज्यांना कळवले, की देखरेख, उपचारांशी सांगड, आणि प्रशिक्षण व प्रमाणपत्र या अटी पाळल्या तर पैसे मिळतील. 2023च्या त्यांच्या नमुना मानकांत प्रशिक्षण 40 ते 60 तासांचे आणि देखरेखीखालचे काम 120 तासांचे सुचवले आहे. पदवीची अट नाही, ज्या भाषेत काम करायचे ती लिहितावाचता यावी एवढेच. शिकण्यापेक्षा देखरेखीतल्या कामाला किमान दुप्पट वेळ, हे वढूच्या धड्याशी जुळते. शिवाय तिथे पैशाची सोय आधी झाली आणि प्रमाणपत्राला वजन आले ते त्यानंतर. आपल्याकडे कार्यशाळेच्या शेवटी हार, फोटो आणि लॅमिनेट केलेले सहभाग प्रमाणपत्र मिळते. त्यावर कुणी पगार देत नाही.

यावर पहिला आक्षेप कार्यकर्तेच घेतात: दाखला आणि पगार आला की माणुसकी जाते, आपलेपणाची नोकरी होते. आक्षेप खोटा नाही. पण ‘स्वयंसेविका’ म्हणून नेमलेल्या आशांना महाराष्ट्रात मानधनासाठी पुन्हा पुन्हा संपावर जावे लागले, हे आपण पाहिले आहे. आपलेपणा फुकट मागणाऱ्या व्यवस्थेने तो जपल्याचे दिसत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा, पण उलट्या बाजूने: मानसोपचारतज्ज्ञ नेमायला नकोत म्हणून ही स्वस्त माणसे आणली जातील. हा धोका मला सर्वांत खरा वाटतो. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने बाळंतपणाच्या काळात नैराश्य आलेल्या 280 स्त्रियांसोबत, त्यांच्यासारख्याच सामान्य स्त्रियांना शिकवून, केलेला प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण वाढले, पण लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत ठोस फरक दिसला नाही. मदत होते, पण ती डॉक्टरची जागा घेण्याएवढी नाही. म्हणून ज्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडीच नाही तिथे हे पद मंजूर करू नये, अशी अट हवी. देखरेख करणाराच नसेल तर 120 तास मोजणार कोण? माणूस पुन्हा पिऊ लागला तर काय, हा तिसरा आक्षेप. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात घसरण हा आजाराचाच भाग मानतात. तेव्हा दाखला काही काळ थांबवून पुन्हा देण्याची सोय नियमातच असावी, जशी आजारी कर्मचाऱ्याला रजा असते.

राहिला गावाचा प्रश्न. मांडवगण फराट्याच्या चावडीवर कुणाच्या घरी कोण गेले हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते, आणि शहरातल्या अभ्यासक्रमात गुप्ततेवर कितीही चांगला धडा असला तरी तो इथे पुरत नाही. यावर उपाय भूगोलातच आहे. शिरूर आणि दौंड यांच्यामध्ये भीमा आहे. अलीकडच्या माणसाने पलीकडच्या गावांत काम करावे, पलीकडच्याने अलीकडे. बोली तीच, ऊसही तोच, फक्त भावकी वेगळी. मग त्याला एसटीने किंवा स्वतःच्या दुचाकीवरून पूल ओलांडावा लागेल, म्हणजे प्रवासभत्ता आला. आणि सरकारी दप्तरात प्रवासभत्ता द्यायचा तर आधी पद मंजूर असावे लागते.