‘एमएयूएस ७१’ म्हणजे काय? बियाण्याच्या नावात लपलेलं परभणीचं विद्यापीठ
सोयाबीनच्या ‘एमएयूएस ७१’ वाणातलं ‘एमएयू’ म्हणजे मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, ‘एस’ सोयाबीनचा. १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१३मध्ये वसंतराव नाईकांचं नाव मिळालं.

भेंडीवर पांढरी माशी केवडा रोग पसरवते. हा विषाणूजन्य रोग एकदा लागला की औषधानं बरा होत नाही. म्हणून इथल्या संशोधकांनी रानभेंडीतली प्रतिकारशक्ती लागवडीच्या भेंडीत आणली. तीच ‘परभणी क्रांती’!

तुरीच्या ‘बीएसएमआर ७३६’मधला ‘बी’ विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राचा. बाकीची अक्षरं सांगतात, ‘वांझ रोगाला प्रतिकारक’. या रोगात झाड हिरवंगार दिसतं, पण त्याला शेंगा लागत नाहीत. अशा रोगांत फवारणीपेक्षा वाणाची निवडच पीक वाचवते.