विकासात्मक दिव्यांग व्यक्तींचा साहाय्यक : कार्य आणि प्रशिक्षण

प्रस्तावना :
गुडीहत्नूर हे आदिलाबाद जिल्ह्यातील, राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील मंडलाचे गाव. या पट्ट्यात तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू आणि लंबाडी बोलणारी कुटुंबे शेजारी नांदतात. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता किंवा मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाचा भार अशा गावांत बहुधा आईवरच पडतो. 'आमच्यामागे याचे कोण करील?' हा प्रत्येक पालकाचा प्रश्न असतो. प्रशिक्षित साहाय्यक हे त्याचे एक उत्तर होय. प्रस्तुत लेखात त्याच्या कार्याचा परिचय करून दिला आहे.

कार्याचे स्वरूप :
१) स्वावलंबन : साहाय्यकाने सर्वच कामे स्वतः केल्यास व्यक्ती परावलंबी राहते. म्हणून काम लहान टप्प्यांत विभागतात. उदा. शर्ट घालताना सुरुवातीचे टप्पे साहाय्यक करतो व शेवटचे बटण त्या व्यक्तीस लावू देतो. ते जमल्यावर शेवटची दोन बटणे तिच्याकडे सोपवितो. त्यामुळे दर वेळी काम पूर्ण केल्याचे समाधान तिला मिळते. आधी हात धरून, मग खुणेने, मग केवळ शब्दाने अशी मदत कमी करीत न्यावी व प्रगतीची नोंद ठेवावी.

२) भाषा : सूचना घरच्या भाषेत द्याव्यात. घरी 'पाणी' आणि केंद्रात 'नीळ्ळु' असे दोन शब्द एकाच वेळी शिकविल्यास काही मुले गोंधळतात.

३) सुरक्षितता : फेफरे आल्यास व्यक्तीस कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. वेळ मोजावी, झटके पाच मिनिटांहून अधिक चालल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे.

४) प्रतिष्ठा : तीस वर्षांच्या माणसास 'बाळ' म्हणू नये. स्नानाच्या वेळी आडोसा असावा. कपडे, जेवण यांत त्याची पसंती विचारावी.

कायदा आणि प्रशिक्षण :
भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा, तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे. दुसऱ्या कायद्यान्वये जिल्हास्तरीय समिती प्रौढ व्यक्तीसाठीही पालक नेमू शकते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने दिव्यांगतेचे २१ प्रकार मान्य केले. सिकंदराबाद येथे १९८४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात प्रशिक्षण व संशोधन करते. पुनर्वास परिषदेने २०२१ मध्ये समुदायाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही सुरू केला.

निष्कर्ष :
हे काम दयेवर सोडल्यास ते अल्प वेतनाचे व अल्पकाळाचेच राहील. कम्युनिटी कॉलेजांनी मान्यताप्राप्त संस्थांच्या सहकार्याने, स्थानिक भाषा जाणणाऱ्या युवक-युवतींना हे कौशल्य द्यावे. प्रात्यक्षिकांना पुस्तकी पाठांहून अधिक तास ठेवावेत आणि पालकांना शिक्षक म्हणून वर्गात बोलवावे. मुलाची खूण त्यांच्याइतकी अन्य कोणास कळत नाही.