रजिस्टरातले दोन रकाने

मुलांनो, प्रत्येक शाळेच्या कपाटात एक जाडजूड रजिस्टर असतं. त्याला म्हणतात जनरल रजिस्टर. एका ओळीत एक मूल. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, राष्ट्रीयत्व, मातृभाषा असे रकाने पुढे पुढे जातात. तुमचंही नाव त्यात आहे, आणि शाळा सोडताना मिळणारा दाखला त्यावरूनच लिहितात. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'भारतीय' लिहिताना माझा हात इतकी वर्षं आपोआप चालत होता. विचार असा कधी केलाच नव्हता. तो करायला लावला आमच्या सहावीच्या वर्गानं.

झालं असं. आमच्या वर्गात वर्षाच्या मध्येच एक मुलगा आला. वडील सराफ बाजारात दागिने घडवणारे कारागीर, गाव पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातलं. जुन्या शाळेचा दाखला आला नव्हता. पण वयाचा कागद नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारायचा नाही, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. मी त्याला पटावर घेतलं. महिनाभरात पोरगा 'वाटणी', 'डबा' आणि 'आऊट न्हाई' एवढं मराठी शिकला.

एकदा मधल्या सुट्टीत चेंडूवरून भांडण झालं आणि पाच-सहा जण धावत आले.

"बाई, ह्यो बांगलादेशी हाय! ह्याला परत पाठवा!"

तो मुलगा दाराशी उभा. "मैं मालदा का हूँ," एवढंच म्हणत होता. मी भिंतीवरचा नकाशा काढून मालदा दाखवलं. एक जण बोट ठेवून म्हणाला, "पण बाई, शेजारीच हाय की बांगलादेश!" आहेच. पण आपल्या जत तालुक्याच्या शेजारीही विजयपूर जिल्हा आहे. जतच्या पूर्व भागात घराघरांत कन्नड बोलतात, जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. म्हणून ते सांगली जिल्ह्याचे नाहीत होय? बंगालीचंही तसंच. ती बांगलादेशात बोलतात आणि आपल्या पश्चिम बंगालमध्येही. १९४७ साली बंगालच्या मधून रेघ ओढली गेली. भाषा दोन्हीकडे राहिली.

तेवढ्यावर वर्ग गप्प बसणारा नव्हता. मग मी म्हटलं, ठीक आहे. उद्या प्रत्येकानं आपण भारतीय आहोत हे दाखवणारा एक कागद आणायचा. छायाप्रत चालेल.

दुसऱ्या दिवशी काय मजा! बहुतेकांनी आधार कार्ड आणलं. कुणी रेशनकार्ड, कुणी सातबारा. एकानं तर वक्तृत्व स्पर्धेचं प्रमाणपत्र आणलं, विषय 'माझा भारत देश'! मी एकेक कागद हातात घेत गेले. आधार आपली ओळख पटवतं, पण ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या कायद्यातच लिहिलंय. रेशनकार्ड धान्यासाठी, सातबारा जमिनीसाठी. दोघा-तिघांनी जन्मदाखला आणला होता. त्यांना वाटलं, आपण जिंकलो.

तर तेही अर्धंच खरं. आपल्या कायद्यात तीन टप्पे आहेत. १ जुलै १९८७ च्या आधी (म्हणजे २६ जानेवारी १९५० पासून पुढे) जो भारतात जन्मला तो भारतीय. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मलेल्याचे आई किंवा वडील भारतीय हवेत. आणि त्यानंतर जन्मलेल्याचे, म्हणजे तुम्हा सगळ्यांचे, आईवडील दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे तुमच्या दाखल्यासाठी आईवडिलांचा कागद, आणि त्यांच्यासाठी बऱ्याचदा आजी-आजोबांचा.

"बाई, आमचं तर पुरात गेलं सगळं," मागच्या बाकावरून आवाज आला.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कोण विसरेल? आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. घरात पाणी शिरल्यावर माणसं आधी म्हातारीकोतारी आणि जनावरं बाहेर काढतात, कागदांची पिशवी नंतर आठवते. आमच्या गावात कित्येक घरांत पत्र्याच्या पेटीतल्या कागदांचा नुसता लगदा निघाला.

आणि पूर नसता आला तरी काय? मी मूळची साताऱ्याकडची, माणची. माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जूनला. चुलत्यांचा १ जूनला. धाकट्या चुलत्यांचाही १ जूनलाच! आमचं सगळं घराणं जूनच्या पहिल्या तारखेला जन्मलेलं. खरी गोष्ट अशी, की खेड्यात जन्माची नोंद कुणी करत नसे. पोरगं शाळेत आलं की गुरुजी विचारत, "कधी झालं हे?" आई सांगायची, "पावसाच्या तोंडाला" नाहीतर "औंदाच्या जत्रंला इतकी इतकी वर्सं झाली." गुरुजी हिशोब करून १ जून ठोकून द्यायचे, म्हणजे शाळा सुरू होताना वय बरोबर बसायचं. अशा गुरुजींच्या टाकानं लिहिलेली तारीख पुढं जन्मभराचा पुरावा झाली. माझी आजी तर शाळेतच गेली नाही. ती या मातीत जन्मली, इथंच खपली, पण तिच्या जन्माचा कागद जगात कुठंच नाही.

वर्गात छत्तीस मुलं. तीन पिढ्यांचे कागद पुरे करणारं त्या दिवशी एकही नव्हतं. मीसुद्धा नाही.

पण थांबा. एवढ्यावरून 'मग कुणीही यावं, कुणी विचारू नये' असं म्हणणं सोपं आहे, आणि ते मला पटत नाही. वर्गातल्या एका मुलाचे वडील सेंटरिंगचं काम करतात. तो म्हणाला, "बाहेरची माणसं कमी पैशात काम करत्यात. पप्पांना काम मिळंना." तो खोटं बोलत नव्हता. बेकायदा आलेल्या माणसाला पोलिसांची भीती असते, म्हणून मुकादम देईल त्या मजुरीवर तो राबतो, तक्रार करू शकत नाही. त्यात त्याचंही नुकसान आणि इथल्या मजुराचंही. बनावट कागद करून देणारे दलाल असतात, ते दोघांच्या जिवावर पैसे मिळवतात. देश म्हटला की त्याला दार असणार, आणि आत कोण आलं हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. मतदार यादीत नाव कुणाचं, हा काही किरकोळ प्रश्न नव्हे.

एक मुलगी म्हणाली, "दारच काढून टाकलं तर?" तसं एक दार आपण उघडं ठेवलंय, बरं का. नेपाळचं. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली करार झाला. तिथला माणूस व्हिसाशिवाय येतो, इथं राहतो, काम करतो. रात्री गल्लीत शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा गुरखा आपल्या किती ओळखीचा! पण तो इथं मत देऊ शकत नाही. दार उघडं असलं तरी घरातला कोण आणि पाहुणा कोण, हे तिथंही ठरलेलं आहे.

प्रश्न आहे तो विचारायचं कसं याचा. आपल्याकडे परदेशी नागरिकांसाठी आधी १९४६ चा कायदा होता, आता २०२५ चा आहे. दोन्हींत एक गोष्ट सारखी: कुणावर संशय आला, तर आपण परदेशी नाही हे त्या माणसानंच सिद्ध करायचं. चोरीच्या खटल्यात उलट असतं, तिथं चोरी केली हे सरकारला सिद्ध करावं लागतं. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात मजुरीला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही माणसांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे धाडलं गेलं. मागाहून ते भारतीयच असल्याचं निघालं, आणि त्यांना परत आणावं लागलं. आमच्या वर्गानं चेंडूच्या भांडणात जे केलं, तेच मोठ्यांनी केलं. बोली ऐकून देश ठरवला.

आमच्या वर्गात विट्याकडची एक मुलगी आहे, आजोळी राहते. तिचे वडील तामिळनाडूत गलाईचं काम करतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. जुने दागिने मुशीत घालून भट्टीत वितळवायचे, तेजाबानं हिणकस काढायचं आणि शुद्ध लगड करून द्यायची. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडच्या माण-खटावातली हजारो माणसं दुष्काळाला कंटाळून या धंद्यासाठी देशभर गेली. केरळपासून आसामपर्यंत यांची दुकानं सापडतील. गावची जत्रा आली की ही मंडळी परततात आणि देवळाला कळस चढवतात.

ती मुलगी दोन वर्षं तिकडच्या शाळेत होती. इतके दिवस ती कधी बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. "तिकडं मला 'हिंदी, हिंदी' म्हणून चिडवायचे. बाई, मला तर हिंदी येतच नव्हती!"

सगळे हसले. मालदाचा मुलगाही हसला, आणि त्याला काय कळलं कोण जाणे. मला मात्र गंमत वाटली ती सोन्याची. आपल्या विट्याचा माणूस सोनं गाळायला परमुलखात जातो आणि बंगालचा माणूस सोनं घडवायला आपल्याकडे येतो.

मिरजेहून कोल्हापूरला रेल्वेनं गेलात तर रुकडीनंतर वळिवडे नावाचं छोटं स्टेशन लागतं. खिडकीतून पाहाल तर विशेष काही दिसत नाही. पण १९४३ ते १९४८ या काळात तिथं पोलंडची सुमारे पाच हजार माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनं आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियानं हल्ला केला. पूर्व भागातल्या लोकांना घराबाहेर काढून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेलं. तिथून सुटल्यावर इराणमार्गे जी माणसं भारतात आली, त्यातली काही जामनगरजवळ बालाचडीला आणि बरीच कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला. काहींना आपल्या साताऱ्याच्या पाचगणीतही ठेवलं होतं. वळिवड्याच्या छावणीत त्यांच्या पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. प्रत्येकाची नोंद होती. पाहुणे होते, पण मोजलेले पाहुणे.

महायुद्ध संपलं तेव्हा ही माणसं आनंदानं घरी गेली असतील, असं तुम्हाला वाटेल. पण १९४५ साली पोलंडची सीमाच पश्चिमेकडे सरकवली गेली. बहुतेकांची गावं होती तिथंच राहिली, पण पोलंडात राहिली नाहीत! माणूस हलला नाही तरी देश हलू शकतो, तो असा. मग कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलिया, कॅनडाला, काही पोलंडात परतले. वॉर्सा शहरात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

रिकाम्या झालेल्या त्या छावणीत मग कोण आलं? फाळणीत सिंध सोडून आलेली सिंधी कुटुंबं. त्यांना परत जायला गाव उरलं नव्हतं. तीच वसाहत म्हणजे आजचं गांधीनगर. हो, तेच! लग्नाचा बस्ता बांधायला सांगली-कोल्हापूरची माणसं जिथं जातात ते. माझ्या लग्नाचा बस्ताही तिथलाच. दुकानदार आईशी घासाघीस करत होते ती अस्सल कोल्हापुरी मराठीत, आणि आत मुलाला हाक मारत होते सिंधीत. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

बंगालच्या सीमेवरची एक गोष्ट मात्र वर्गाला सांगताना मला जड गेली. २०१५ पर्यंत तिथं जमिनीचे विचित्र तुकडे होते. भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात आणि त्यांचे ५१ आपल्या पोटात. त्यांना छिटमहल म्हणत. तिथल्या माणसांना ना या देशाची शाळा, ना त्या. मुलांना शाळेत घालायचं तर आईबाप बाहेरच्या दुसऱ्याच कुणाचं नाव बाप म्हणून लावत. १ ऑगस्ट २०१५ ला अदलाबदल झाली आणि आपल्या बाजूची चौदा हजारांहून अधिक माणसं भारतीय झाली. एका रात्रीत. मास्तरीण म्हणून मला राहून राहून वाटतं, तिथल्या रजिस्टरात बापाचं खोटं नाव लिहिताना गुरुजींना ठाऊक असेलच ना?

आमच्या त्या मुलाचा जुन्या शाळेचा दाखला अखेर दिवाळीनंतर टपालानं आला. जन्मठिकाण मालदा, सगळं रीतसर. मी रजिस्टर काढलं, त्याला शेजारी उभं केलं आणि राहिलेले रकाने भरायला घेतले. आधी राष्ट्रीयत्व, मग मातृभाषा. इतकी वर्षं लिहिते आहे, पण हे दोन रकाने वेगवेगळे का छापलेत हे मला तेव्हा नीट दिसलं. पहिल्यात 'भारतीय' लिहिलं. दुसऱ्यात 'बंगाली'.

तो वाकून बघत होता. "बाई, मराठी पन लिहा की. मला येती आता."

जागा पुरत नव्हती, आणि नियमही नाही. त्याला म्हटलं, रजिस्टरात एकच बसते रे. तो जरा फुगूनच खेळायला गेला.