हजार टँकरांत एक ग्रॅम

८२,३०९ आणि १३,८६१. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांबद्दलचे हे दोन आकडे २०१९ सालापासून सरकारदप्तरी आहेत. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत ८२,३०९ बायकांची नोंद होती आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्याच वर्षी विधिमंडळात सांगितलं गेलं, की बीडच्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशी ४,६०५ ऑपरेशनं झाली.

यावर खूप लिहिलं गेलं. मुकादम, उचल, एका दिवसाच्या खाड्यासाठी कापले जाणारे पैसे, पाळीच्या दिवसांत फडात आडोसाही नसणं, आणि ‘पुढं कॅन्सर होईल’ म्हणून घातलेली भीती, हे सगळं लोकांसमोर आलं आणि ते यायलाच हवं होतं. मला मात्र त्या १३,८६१च्या मागे दडलेल्या एका फार लहान आकड्याबद्दल लिहायचं आहे. ऑपरेशननंतर बाईच्या शरीरात काय घडतं, ते त्या लहान आकड्यात कळतं.

बीजांडातून पाझरणाऱ्या मुख्य संप्रेरकाचं नाव इस्ट्राडायोल. पाळी चालू असलेल्या बाईच्या रक्तद्रवात ते किती असतं? दिवसागणिक चढउतार होतो, पण मधला आकडा धरायचा तर एका मिलिलिटरला १०० पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही ना? मग मराठवाड्यातल्या माणसाला कळेल असं मोजू. दहा हजार लिटरचे पाण्याचे एक हजार टँकर ओळीनं उभे करा आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम साखर विरघळवा. बाईच्या रक्तातलं इस्ट्राडायोल इतकंच दाट असतं. पाळी कायमची गेल्यावर तोच एक ग्रॅम पाच हजार टँकरांत किंवा त्याहूनही जास्त टँकरांत पसरल्यासारखा होतो.

आता हा हिशेब जिल्ह्यावर आणू. २०११च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. त्यांत बाया-मुली सव्वाबारा लाखांच्या वर. प्रत्येकीच्या रक्तद्रवात तो मधला आकडा धरला, अगदी तान्ह्या पोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या, तरी एका क्षणी अख्ख्या जिल्ह्यातल्या रक्तात फिरणारं इस्ट्राडायोल अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही. आष्टीपासून परळीपर्यंत सगळ्या बायकांचं मिळून! हाडांचा भक्कमपणा, झोप, रक्तवाहिन्यांचा लवचिकपणा, त्वचेचा ओलावा आणि मनाची घडी, यांतलं पुष्कळ काही त्या अर्ध्या ग्रॅमच्या आत आहे.

इतकं कमी म्हणूनच ते हाती लागायला वेळ लागला. अमेरिकेत सेंट लुईसला एडवर्ड डॉयझी यांच्या प्रयोगशाळेत १९३०च्या दशकात डुकरिणींची चार टन बीजांडं गाळून-आटवून शुद्ध इस्ट्राडायोल काढलं गेलं, ते जेमतेम काही मिलिग्रॅम. ते रक्तात मोजणं तर आणखी दूर होतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६०च्या सुमारास वाट काढली. त्यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं संप्रेरक आणि रक्तातलं संप्रेरक यांना एकाच प्रतिपिंडाला चिकटण्यासाठी झुंजायला लावलं. खूण लावलेलं जितकं कमी चिकटेल, तितकं रक्तातलं जास्त. पहिल्यांदा इन्शुलिन मोजलं गेलं. पुढे बाकीची संप्रेरकंही या तंत्राच्या टप्प्यात आली. यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन त्याआधीच वारले होते. आज दंडातून घेतलेल्या दोन-चार मिलिलिटर रक्तावरून त्या हजार टँकरांतला ग्रॅम कळतो, तो या दोघांच्या कामामुळे.

पिशवी आणि बीजांडं वेगवेगळी असतात, हे ऑपरेशनच्या वेळी किती जणींना कुणी समजावून सांगतं? दोन्ही बीजांडं काढली, तर इस्ट्राडायोल काही दिवसांतच कोसळतं. चौतिशीची बाई आठवडाभरात संप्रेरकांच्या हिशेबानं पन्नाशीपुढे जाते. आणि चौतीस हा आकडा उगाच घेतलेला नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पिशवी काढलेल्या बायकांचं ऑपरेशनच्या वेळचं मधलं वय तेवढंच निघालं. आपल्याकडे पाळी आपोआप जायचं वय शेहेचाळीस-सत्तेचाळीस. मधली बारा वर्षं शरीर त्या अर्ध्या ग्रॅमातल्या आपल्या वाट्याशिवाय काढतं.

बीजांडं ठेवली तरी सगळं ठीक राहील, असं नाही. बीजांडाला रक्त पुरवणाऱ्या वाटांपैकी एक गर्भाशयाच्या धमनीतून येते. पिशवी काढताना ती तुटते. न्यूझीलंडमध्ये अशा बायकांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि २००५ साली निष्कर्ष आला, की त्यांची रजोनिवृत्ती सरासरी ३.७ वर्षं आधी आली. अमेरिकेतल्या २०११च्या अभ्यासात चार वर्षांत बीजांडं थकलेल्यांचं प्रमाण पिशवी काढलेल्यांत १४.८ टक्के, न काढलेल्यांत ८ टक्के होतं.

न्यूझीलंडचा आकडा बीडच्या कागदावर ठेवून पाहा. १३,८६१ गुणिले ३.७. एक्कावन्न हजारांहून जास्त वर्षं. सगळ्यांची बीजांडं शाबूत ठेवली असं धरून केलेला हा कमीत कमी हिशेब आहे, अंदाजच म्हणा. तरी एका जिल्ह्यातल्या कष्टकरी बायकांनी मिळून एक्कावन्न हजार वर्षं आधी म्हातारपणात पाऊल टाकलं, ही गोष्ट मला पचवता येत नाही.

आणि या बायकांना निदान होणंच अवघड. एरवी पाळी चुकायला लागली की बाईला कळतं, डॉक्टरलाही कळतं. पिशवीच नसली तर ती खूणच राहत नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं झोप मोडते, कंबर धरते, चिडचिड होते. दवाखान्यात कॅल्शियमच्या आणि दुखण्याच्या गोळ्या मिळतात. एफएसएच आणि इस्ट्राडायोल या दोन तपासण्या एवढं कोडं सोडवायला पुरतात. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थकलेल्या बीजांडाला हाकारत राहते, म्हणून तिचं संप्रेरक, एफएसएच, चढतं. लिटरला २५ युनिटच्या वर गेलं की चाळिशीच्या आतल्या बाईबाबत डॉक्टरांनी थांबून विचार करायचा असतो.

दसरा झाला की बीडमधल्या नेकनूर-मांजरसुंब्याच्या बाजूनंही ऊसतोडीच्या टोळ्या भरून निघतात. फडात बाईच्या वाट्याला येतं ते मोळी बांधून डोक्यावर घेणं, ती तीस-चाळीस किलोंची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढणं, आणि पुन्हा खाली येणं. दिवसभर. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मणक्याचं हाड वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी विरळ होतं. पस्तिशीत हे सुरू झालेली बाई चाळिशीत त्या फळीवर काय घेऊन चढत असते, याचा विचार करा.

उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. वेळेआधी बीजांडं गेलेल्या किंवा थांबलेल्या बाईला नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असं आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमची गोळी किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्तात गुठळ्या होत असतील, तर वेगळा विचार. ते डॉक्टरांनी ठरवायचं. तरीही औषध लिहून देताना हात आखडतो, त्याचं मूळ २००२ सालात आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड चाचणीचा १६,६०८ बायकांचा भाग धोका दिसल्यानं मध्येच थांबवला आणि जगभर संप्रेरक-उपचाराची धास्ती बसली. पण त्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्टच्या आसपास होतं आणि त्यांतल्या औषध मिळणाऱ्यांना दोन संप्रेरकं दिली जात होती. पिशवी काढलेल्या १०,७३९ जणींचा वेगळा भाग होता; त्यांतल्या काहींना फक्त इस्ट्रोजेन आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी दिली जात होती. तोही २००४ मध्ये, पक्षाघाताचं प्रमाण वाढल्यानं, थांबवला. मात्र त्यात हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं आणि स्तनाचा कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. त्रेसष्ट वर्षांच्या बाईवरचा निकाल चौतीस वर्षांच्या बाईला लावणं ही वैद्यकाची मोठी चूक झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या सूचना सगळ्या राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश दिला. पुढच्या ऑपरेशनांना यामुळे लगाम बसेल. ज्यांचं आधीच झालं, त्यांचं काय?

त्यांच्यासाठी मागणी साधी आहे. हंगामाला निघण्याआधी गावात जी आरोग्य तपासणी होते, तीत पिशवी काढलेल्या प्रत्येक पन्नाशीखालच्या बाईची एफएसएच तपासणी धरावी आणि गरज असेल तिला औषध द्यावं. नेकनूरला स्त्रियांचं सरकारी रुग्णालय आहे; सुरुवात तिथूनही होऊ शकते. आणि वाचणाऱ्या बायांनो, तुमचं किंवा तुमच्या आईचं, जावेचं ऑपरेशन झालं असेल, तर डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. बीजांडं काढली की ठेवली, ते त्यावर लिहिलेलं असतं. नसेल लिहिलेलं, तर डॉक्टरांना विचारून लिहून घ्या.