रक्तवाहिन्या आणि आपले ताट

"आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हांला कसला हृदयविकार!" असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात. कष्टाने शरीराचे भले होते हे खरेच. पण ऐन पन्नाशीतल्या शेतकऱ्याच्या छातीत कळ आली म्हणून रुग्णाभ्यंगासाठी अपरात्री बोलावणे येते, तेव्हा नुसते कष्ट पुरत नाहीत हे आम्हांला पटते. म्हणून रक्तवाहिन्या आतून कशा बिघडतात व त्यात ताटाचा वाटा किती, हे या वेळी पाहू.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. तो विष नव्हे. पेशींची आवरणे आणि पित्त बनवण्यास तो लागतो, आणि त्याचा मोठा भाग आपले शरीर स्वतःच तयार करते. रक्तातून तो वाहून नेणाऱ्या एका जातीच्या कणांना एल.डी.एल. म्हणतात. हे कण परत उचलून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू आकडे असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या ब्राउन व गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लोणी, तूप, डुकराची चरबी, पामतेल यांतील थिजणारी चरबी पोटात फार गेली की हे आकडे कमी होतात आणि कण रक्तातच फिरत राहतात. तिच्या जागी भुईमूग, करडई, सूर्यफूल यांचे तेल बेताने वापरले तर एल.डी.एल. उतरते. तिच्या जागी साखर आणि मैदा वाढवला तर मात्र काही साधत नाही.

आता दुसरी बाजू. पायात काटा मोडला की भोवती लाल सूज येते. हे कण धमनीच्या भिंतीत अडकले की तिथेही तशीच सूज येते. रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात, कण गिळतात, फुगतात आणि तिथेच मरतात. असा थरावर थर साचतो. एखाद्या दिवशी त्यावरचा पापुद्रा फाटतो, रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. हाच हृदयविकाराचा झटका. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात कोलेस्टेरॉल न उतरवता केवळ सूज कमी करणारे औषध दिले, तरीही झटके कमी झाले. म्हणजे चरबी आणि सूज या दोहोंकडे लक्ष हवे. विडी-सिगारेटचा धूर ही सूज वाढवतो. वनस्पती तुपातील ट्रान्स चरबी तर दोन्हीकडून घात करते. म्हणूनच २०२२ पासून आपल्या देशात खाद्यतेल-तुपातील तिचे प्रमाण २ टक्क्यांवर आणले आहे.

उपाय आपल्याच शेतात आहे. हुलगे, मसूर, वाल, मेथीदाणे यांतील बुळबुळीत चोथा आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो. नवे पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. तेव्हा एवढे करावे :

१. रोज एक वेळ कडधान्य, दोन्ही वेळा पालेभाजी आणि जोंधळ्याची किंवा नाचणीची भाकरी.

२. तेल माणशी दिवसाला चार छोटे चमचे. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

३. डुकराचे मांस नाताळ, लग्न अशा प्रसंगी. तेही चरबी काढून. एरवी तारली किंवा बांगडा, पण कालवण करून.

४. चाळिशी ओलांडली की रक्त तपासून घ्यावे. डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

५. छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम आला तर "पित्त झाले" म्हणून सोडा पिऊन झोपू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा.

दानीएल व त्याच्या सोबत्यांनी राजाच्या ताटाऐवजी साधे शाकान्न मागून घेतले आणि दहा दिवसांनी त्यांचेच चेहरे अधिक तजेलदार दिसले, हे आपण ऐकले आहे. आपल्या धमन्यांना दहा दिवस पुरणार नाहीत, वर्षे लागतील. पण सुरुवात आजच्या जेवणापासून करता येईल. परमेश्वराने दिलेला देह आणि शेताने दिलेले धान्य, दोन्ही जपू या.